हर्शेलचं घर, नोंद चौथी: तळघरातली फरशी

मंडळी, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलच्या इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या घराची छोटी प्रतिकृती करतोय. पाऊस जरा उघडला आणि त्या घराची, म्हणजे १९, न्यू किंग स्ट्रीटची, दर्शनी भिंत उभी राहिली. प्रमाण १:४८. फोंड्याच्या दमट हवेत माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) दोनदा फुगला, म्हणून आता सगळं प्लायवूडमध्ये, दोन्ही बाजूंनी सीलर मारून. बाथचा दगड मधासारखा पिवळसर. आमचे डोळे मात्र चिऱ्याच्या तांबड्याला सरावलेले. चुन्यात पिवडी घालून तिसऱ्या हाताला रंग जमला.

या महिन्यात माझा जीव मात्र अडकला होता तळघरातल्या मागच्या कामशाळेत. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलला याच घराच्या बागेतून युरेनस सापडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने तीस फुटी दुर्बिणीसाठी तीन फुटांचा आरसा घरातच ओतायला घेतला. तेव्हाचे आरसे धातूचे. आपल्या देवळातल्या घंटेसारखंच तांबं आणि कथील, फक्त कथील जास्त. म्हणून चकाकी येते आणि ठिसूळपणाही. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या खेपेला भट्टीचा तळच गेला आणि रस फरशीवर पसरला. दगडातल्या ओलीची एकदम वाफ झाली की दगड फुटतोच. तुकडे छतापर्यंत उडाले, माणसं दोन्ही दारांनी बाहेर पळाली, असं बहीण कॅरोलिनने लिहून ठेवलंय.

१९७७ मध्ये लेस्ली आणि एलिझाबेथ हिलियर्ड या दांपत्याने हे घर वाचवलं. १९८१ पासून तिथे संग्रहालय आहे. तडकलेली फरशी आजही जागेवर आहे. जीर्णोद्धार म्हणतात तो हा! नवी फरशी घालणं सोपं होतं, पण मग ती घटना पुसली गेली असती.

प्रतिकृतीतल्या फरशीवर मी आधी ब्लेडने भेगा कोरल्या होत्या. बाबांनी जन्मभर गवंडीकाम केलंय. बघून म्हणाले, "भेग कोरायची नसते रे, फोडायची असते." मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा ३ मिलिमीटरचा पातळ थर ओतला, अर्धवट ओला असताना खालून खिळ्याने ठोकला. कडा वर उचलल्या गेल्या, अगदी हव्या तशा. बाबांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची चौकट), गणपतीशेजारी हे घर ठेवायचं ठरलंय. आता बाग राहिली आणि सात फुटी दुर्बीण; या प्रमाणात ती जेमतेम साडेचार सेंटीमीटर. नळीसाठी सागवानाची काडी घासतोय. स्टँडच्या बारीक पायांसाठी कुणी पितळेची तार वापरली असेल, तर ती न वाकता सरळ कशी ठेवलीत ते सांगा.