चौथी खेप : चार दिवसांची अंडी आणि अकरा दिवसांची

काल रात्री उशिरा शेवटचं पिल्लू बाहेर आलं. खानापुरात आठवडाभर पावसानं उसंत दिलेली नाही. वीज दोनदा गेली, पण इन्व्हर्टरमुळे अंडी उबवायचं यंत्र ३७.६ अंशांवर टिकलं.

ब्रॉयलर पेरेंट कळपाची (ब्रॉयलर पिल्लांच्या आई-बापांच्या कळपाची) ६० अंडी, एकाच शेडची, एकाच दिवशी यंत्रात लावली. ३० अंडी चार दिवस ठेवलेली, ३० अकरा दिवस. पहिल्या गटाची २५ पिल्लं निघाली, दुसऱ्याची १७. जुन्या अंड्यांची पिल्लं सहा-सात तास मागे राहिली. साठवणुकीच्या दर दिवसामागे तासभर उशीर धरतात, तो हिशेब जवळपास जुळला.

लावायच्या दिवशी दोन्ही गटांतलं एकेक जादा अंडं स्टीलच्या ताटलीत फोडलं होतं. चार दिवसांच्या अंड्यात बलकाभोवतीचा पांढरा भाग घट्ट, उंच उभा राहिला. अकरा दिवसांचा पाण्यासारखा ताटलीच्या कडेपर्यंत पसरला. कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (पीएच) ७.६ च्या आसपासहून ९ पर्यंत चढतो आणि पांढरा पातळ होतो. मग बलक वर तरंगून कवचाला टेकतो. म्हणूनच जास्त दिवस ठेवायची अंडी मी आता निमुळतं टोक वर करून ठेवतो. वयस्क कोंबड्यांच्या अंड्यांचा पांढरा मुळातच पातळ असतो, तेव्हा अंडी घेताना कळपाचं वय विचारून घ्याच.

दुसऱ्या गटातली न फुटलेली तेराही फोडली. सहांत रक्ताचं कडं होतं, म्हणजे जीव पहिल्या तीन-चार दिवसांतच गेला. बॅटरीच्या उजेडात 'वांझ' वाटलेल्या तिघांपैकी दोन मुळात फलित होती. हे मला सगळ्यात लागलं. आधीच्या खेपांत अशी किती अंडी मी कोंबड्याच्या नावावर टाकली असतील!

साठवण जुन्या फ्रिजात, वेगळा थर्मोस्टॅट लावून १६ अंशांवर. आत ओलं फडकं आणि पाण्याचं भांडं, आर्द्रता ७५ टक्के. चार दिवसांत लावायची असतील तर १८ अंशही चालतात. तापमान मात्र वरखाली होता कामा नये. २०-२१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट जागा होतो आणि दुबळा पडतो.

तिसऱ्या खेपेत माझी चूक झाली होती. फ्रिजातली गार अंडी थेट सोप्यात आणली. दोन मिनिटांत प्रत्येक कवचावर दव. आमच्याकडच्या पावसाळी हवेत ते होणारच. त्या ओलीबरोबर जंतू आत गेले, अठराव्या दिवशी यंत्राला कुजका वास आला. यंदा आदल्या रात्री फ्रिज बंद केला, दार न उघडता सकाळपर्यंत ठेवला. एकही अंडं घामेजलं नाही.

लांबलेल्या साठवणुकीचं नुकसान कमी होतं का ते पाहायला, पाचव्या खेपेत जुन्या गटाला साठवणुकीच्या पाचव्या दिवशी यंत्रात काही तास ऊब देऊन, कवच ३२ अंशांच्या वर नेऊन, परत गार करणार आहे. सगळी मिळून ऊब १२ तासांच्या आत ठेवायची. अंडी सोमवारी येतील.