तुम्ही विचारलंत म्हणून: हेराल्डची मागची चाकं

"भाऊ, तुमच्या गाडीचे मागचे चाकं वाकडे काऊन आहेत?" पेट्रोल पंपावर विचारतात, आठवडी बाजारात विचारतात, लग्नात पंगत उठायच्या आत मांडवाबाहेर येऊन विचारतात. गेल्या उन्हाळ्यापासून या प्रश्नाला शेपूट जोडलं गेलंय: "अन् कमान म्हणे तुम्ही घरीच काढली?" हो, घरीच, गोठ्यासमोर. कमान म्हणजे गाडीचं वजन झेलणारी, पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली बाकदार स्प्रिंग. दोन्हींचं उत्तर एकदाच देतो, कारण चाक वाकडं का हे कळलं की कमान काढण्यात अवघड काय आणि सोपं काय तेही कळतं.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. ब्रिटनमध्ये ट्रायम्फने हेराल्ड १९५९ साली आणली आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इकडे १९६१ पासून बनवली. इंजिन ९४८ सीसीचं, म्हणजे आजची अल्टोसुद्धा हिला सहज मागे टाकेल. पुतण्याला ती स्पोर्ट्स कार वाटते, शेजारच्या काकांना डबडं वाटतं. पुतण्या अगदीच चुकीचा नाही. याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार काढली. दोन्हींचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचं. तेव्हा माझी गाडी वरून बायकापोरांची आणि खालून स्पोर्ट्स कारची आहे. मागच्या भागाचं सामान आजही मिळतं ते स्पिटफायरच्या पुण्याईनेच. ब्रिटनमध्ये तिचे शौकीन इतके आहेत की सांध्यात बोल्टभोवती बसणाऱ्या साध्या रबरी नळ्या, म्हणजे बुश, तेसुद्धा अजून नवे बनतात.

तर वाकडेपणा. ट्रकला, जीपला मागे दोन कमानी असतात, दोन्ही गाडीच्या लांबीत, आणि मध्ये एक अखंड दांडा. हेराल्डला कमान एकच आणि तीही आडवी. कावडीसारखी ती डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, डोक्यावर मधोमध आवळलेली आणि दोन टोकांना दोन चाकं. प्रत्येक चाकाचा शाफ्ट वेगळा आणि त्या शाफ्टला क्रॉस, म्हणजे वाकणारा सांधा, एकच, तोही आतल्या बाजूला. बाहेरच्या टोकाला चाक शाफ्टला काटकोनात पक्कं. त्यामुळे चाक नुसतं वर-खाली होऊच शकत नाही, होताना कलतंही. मागे वजन टाकलं की चाकं खालून बाहेर फाकतात. जॅकने गाडी उचलली की तीच चाकं खालून आत, पोटाशी येतात. बघ्यांना ही दुसरी गंमत फार आवडते. एका आजोबांनी तर "मोडली बाप्पा गाडी" म्हणून हळहळून घेतलं.

ही मांडणी एकट्या ट्रायम्फची नव्हे. फोक्सवॅगन बीटलला तेव्हा अशीच होती आणि मर्सिडीजच्या ३०० एसएललाही, जिची दारं पंखांसारखी वर उघडतात. स्वस्त पडते, जागा कमी घेते, सरळ रस्त्यावर छान चालते. खोट वळणावर दिसते. जोरात वळताना, त्यातही मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर, गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि टायर कडेवर उभा राहतो. मग गाडी कुठे जाईल ते तिचं तिलाच ठाऊक. ट्रायम्फने १९७० नंतरच्या स्पिटफायरला यावर तोड काढली. मधल्या पकडीत एकच पाटा पक्का ठेवून बाकीचे मोकळे झुलू दिले. आपल्याकडे १९७२ मध्ये हेराल्डची जागा घेणारी गझेल आली, तिला थेट अखंड दांडाच दिला. भारतीय रस्त्यांचा विचार करता त्यांनी केलं ते बरोबरच. तरी मला गझेलपेक्षा हेराल्ड आवडते, आणि त्याला कारण विचारू नका.

थोडक्यात, चाकांचा कल जन्मजात आहे. पण किती कल जन्मजात आणि किती म्हातारपणाचा, हे बघावं लागतं. माझ्या गाडीची कमान बसली होती. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो. अशा रस्त्यावर कमानीला विसावा नसतो. मागे दोन माणसं बसली की चाकं खालून इतकी फाकायची की टायरची आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची जशीच्या तशी. दुचाकीवरून मागून येणारा माणूस शेजारी येऊन सांगायचा, "चाक निघून रायलं!" तेव्हा ठरवलं.

नवी कमान परदेशातून मागवता येते, पण वजन आणि कस्टम ड्यूटी धरून किंमत ऐकली की माणूस खाली बसतो. शिवाय ज्या मुलखात ट्रकच्या कमानी रोज ठोकल्या जातात तिथे एवढ्याशा कमानीसाठी विलायतेकडे का बघायचं? म्हणून कमान इथे, शॉकअप आणि बुश बाहेरून. ही वाटणी मी कुणालाही सुचवीन. लोखंडाला आपली माणसं पक्की आहेत. रबर आणि नायलॉन मात्र मापाचंच हवं.

खरी अडचण पान्यांची. गाडीचे सगळे नट इंची. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. गंजलेल्या नटावर जोर दिला की पाना फिरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. इंची पाने हल्ली हार्डवेअरवाल्याकडे सहजी नसतात. ते असतात ट्रॅक्टर मिस्त्रीकडे, कारण जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे नट इंची. यात एक मजा आहे. मॅसीचा पूर्वज फर्ग्युसन टीई २० हा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात स्टँडर्ड मोटर कंपनीच्याच कारखान्यात बनायचा, आणि ट्रायम्फही त्याच कंपनीच्या मालकीची होती. म्हणजे वावरातला मॅसी आणि अंगणातली हेराल्ड नात्यातलेच. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग डिझल काऊन नाई टाकत इच्यात?"

काम मे महिन्यात केलं. पेरणीआधीचे हेच दिवस रिकामे. अट एकच, उजाडायच्या आधी सुरू करायचं आणि दहाला थांबायचं. पंचेचाळीस अंशात उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही. गाडी काँक्रीटच्या ओट्यावर घ्यायची, मातीवर नाही. कोरडी काळी माती दगडासारखी दिसते, पण जॅकखाली भेग आली तर जॅक कलतो. आणि विटांचा थर लावून त्याखाली कुणी शिरणार असेल तर त्याने पुढचं वाचूही नये. वीट एका क्षणात फुटते. मी चासीखाली बंडीच्या चाकासाठी कापून ठेवलेले बाभळीचे ओंडके लावले, जॅक वेगळा ठेवला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी.

मागची सीट काढली की पत्र्याचं एक झाकण लागतं आणि त्याखाली कमानीची मधली पकड. सहा स्टड डिफरन्शियलमध्ये घुसलेले, वर सहा नट. आदल्या संध्याकाळी त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं. नट निघाले की कमान मोकळी झाली असं वाटतं, पण ती बाजूने ओढून काढायची तर स्टड आडवे येतात. स्टडला डोकं नसतं, पाना लावायचा कुठे? एका स्टडवर दोन नट चढवायचे, दोन पाने घेऊन ते एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि मग खालच्या नटाला उलटा पाना लावायचा. नट फिरू शकत नाही म्हणून स्टडच फिरतो. पहिला सुटताना 'टक्' असा आवाज होतो. तो स्टड तुटल्याचा की सुटल्याचा, हे पुढच्या पाव फेऱ्यात कळतं, आणि त्या पाव फेऱ्यात कुणी काही बोलत नाही. स्टड परत बसवताना आट्यांना सीलंट लावायचं. ते थेट डिफरन्शियलच्या पोटात जातात, नाहीतर तिथून ऑइल पाझरत राहतं.

टोकांकडे घाई नको. कमानीवर ताण असतो. चाक ज्यावर बसतं त्या हबखाली जॅक लावून भार हलका होईपर्यंत उचलायचं, मग शॉकअप सोडायचा, मग हळूच खाली घेत कमानीच्या डोळ्यातला बोल्ट काढायचा. शाफ्ट डिफरन्शियलपाशी सोडला की हब बाजूला घ्यायला जागा मिळते. या सगळ्यात हब ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळता कामा नये. सुतळीने चासीला बांधून ठेवावा. नळी वरून धड दिसते आणि आतून फाटलेली असते.

कमान घेऊन हायवेवरच्या कमानवाल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी ती एका हाताने उचलली, दुसऱ्याला दाखवली आणि दोघं हसले. त्यांच्या हिशेबाने हे खेळणं. भट्टीत घालून दहा मिनिटांत बाक देतो म्हणाले. मी म्हटलं, भट्टी नको, थंडंच ठोका. पाटा लाल केला की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. परत नीट पाणी चढवून मग हवं तेवढंच मऊ करायला मापाची उष्णता लागते, ती अंदाजाने दिली तर पाटा एकतर लवकर बसतो नाहीतर मोडतो. मिस्त्रींना पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी ऐकलं. पाटे सुटे करून ऐरणीवर ठेवले आणि टोकापासून मध्याकडे, बोटाबोटाच्या अंतरावर, घणाचे सारखे घाव देत गेले. मध्येच पाटा डोळ्यासमोर धरून बघायचे. फरशीवर खडूने आधीच्या बाकाची रेघ काढली होती, तिच्यावर ठेवून ताडायचे. हा माणूस फूटपट्टी वापरत नाही, आणि दोन्ही टोकं सारखी उचललेली निघाली. जोडताना ते सवयीने पाट्यांना जळकं ऑइल चोपडायला निघाले, तेवढं थांबवलं. या कमानीत पाट्यांच्या टोकांशी रबरी गोट्या असतात आणि ऑइलने रबर फुगून सडतं.

बुश बसवायला प्रेस लागत नाही. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि बुशपेक्षा किंचित मोठ्या मापाचा पाइपचा तुकडा पुरे. एका बाजूने आवळत गेलं की जुना निघतो, नवा जातो. रबराला साबणाचं पाणी लावावं. हबखालच्या सांध्यात नायलॉनचे बुश असतात, ते हातानेच जातात. तिथली गंजलेली नळी घासून चकचकीत केली नाही तर नवा बुशही महिन्यात खुळखुळतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. हाताने लावून सोडायचे. रबर ज्या स्थितीत आवळाल ती त्याची आरामाची स्थिती ठरते. चाकं लोंबत असताना आवळलं की गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. लोक म्हणतात बुश हलका निघाला. तो हलका नसतो, हवेत आवळलेला असतो. गाडी चाकांवर उतरवायची, आत माणसांचं वजन टाकायचं, थोडी पुढे-मागे ढकलायची आणि मग खालून आवळायचं. माणसं मे महिन्यात गाडीत बसून राहत नाहीत, म्हणून मी खरिपासाठी आणलेली डीएपी खताची पोती ठेवली. पन्नास किलोचं पोतं तक्रार करत नाही.

कल मोजायला गवंड्याचा ओळंबा चाकाच्या वरच्या कडेपासून सोडला, आणि चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत आहेत का ते सुतळी ताणून पाहिलं. पुढे जाणाऱ्या आधारदांड्याच्या कंसाखाली पातळ पत्र्या असतात, त्या कमी-जास्त करून रेषा जुळवतात. शहरातल्या अलाइनमेंटच्या मशीनवर नंतर नेली तर तिथल्या पोराला यादीत हेराल्ड सापडली नाही. सुतळीवरच भागलं.

हबमधलं बेअरिंग मात्र घरी करू नका. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर असा बसलेला असतो की साध्या पुलरचे पायच वाकतात. ते जड पुलरचं आणि लेथवाल्याचं काम. मीही त्याच्याकडेच दिलं.

कमान नव्याने बाक दिल्यावर पहिले काही आठवडे गाडी मागून उचललेली दिसली आणि चाकं उलट्या बाजूला कलली. काका म्हणाले, "पयले बाहेर होते, आता अंदर गेले. काय फायदा?" थोडी चालली की बसते, हे त्यांना सांगून पटलं नाही, पण गाडी बसली. आता रिकामी असताना चाकं जवळपास उभी असतात, मागे माणसं बसली की थोडी फाकतात. टायर सारखा झिजतो. वळणावर मी अजूनही आधीच वेग कमी करतो आणि वळणात ॲक्सिलरेटर सोडत नाही, कारण कमान बदलली तरी मांडणी तीच आहे.

तुमच्याकडे हेराल्ड किंवा तिची कुणी बहीण उभी असेल तर कमान काढायला या, ओट्यावर जागा आहे. इंची पाने मी आता स्वतःचे घेतलेत. अर्ध्या इंचाचा रिंग पाना मात्र कुणीतरी नेलाय, ज्याने नेला असेल त्याने पेरणीआधी आणून द्यावा, मिस्त्रींचा मॅसी उघडा पडलाय.