मंगळवारचे पेट्रोल

डिसेंबर २०२४ मध्ये तीन आठवड्यांच्या सुट्टीवर मी ठाण्याला, नौपाड्यातल्या घरी आले होते, आणि तिसऱ्याच दिवशी शहापूरला आत्याकडे जायचे ठरले तेव्हा मी अगदी सवयीने बाबांना विचारून बसले, "उद्या पेट्रोलचा भाव काय असणार आहे?" बाबांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले आणि म्हणाले, "आज आहे तोच. कालही तोच होता." आईने आतून विचारले, "तिकडे काय पेट्रोलचे भविष्य सांगतात का ग?" मी हो म्हणाले, कारण मी राहते त्या पर्थ शहरात ते खरोखरच सांगतात, आणि तेही सरकारी संकेतस्थळावर, रोज दुपारी अडीच वाजता.

ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्याने जानेवारी २००१ पासून 'फ्यूएलवॉच' नावाची व्यवस्था चालवली आहे. तिच्या नियमानुसार पंपचालकाने उद्याचा दर आज दुपारी दोनपर्यंत सरकारला कळवायचा असतो; अडीच वाजता ते सगळे दर लोकांसाठी खुले होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जो दर लागू होतो तो पुढचे चोवीस तास वरही नेता येत नाही आणि खालीही आणता येत नाही. नियम मोडणाऱ्याला दंड होतो. त्यामुळे दुपारी अडीचनंतर ग्राहकाच्या हातात आपल्या परिसरातल्या प्रत्येक पंपाचा आजचा आणि उद्याचा असे दोन्ही भाव असतात, आणि आज भरावे की उद्यापर्यंत थांबावे हे त्याने ठरवायचे असते. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा भाजीवाल्याने उद्याच्या मेथीचा भाव आज पाटीवर लिहून ठेवावा तसे वाटले होते.

समजली तीही ठेच लागल्यावर. २०२३ च्या सुरुवातीला मी तिथे जुनी गाडी घेतली आणि एका बुधवारी सकाळी कामावर जाताना पंपावर थांबले. तिथे पेट्रोल भरून द्यायला कोणी नसते. आपणच उतरायचे, ९१, ९५ आणि ९८ ऑक्टेनच्या नळ्यांपैकी आपल्या गाडीला चालणारी उचलायची, टाकी भरायची आणि मग दुकानात जाऊन पंपाचा क्रमांक सांगून पैसे द्यायचे. या साऱ्या नवलाईत मी फलकावरच्या आकड्याकडे नीट पाहिलेच नाही, शिवाय तो आकडा डॉलरमध्ये नसून सेंटमध्ये असतो, म्हणजे १८९.९ असे लिहिलेले असले तर लिटरला १ डॉलर आणि जवळपास ९० सेंट, हेही अंगवळणी पडलेले नव्हते. कार्यालयात सहज बोलता बोलता सांगितले तेव्हा शेजारच्या मेजावरच्या बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिले. बुधवारी पेट्रोल भरणारा माणूस त्या शहरात नवखा म्हणून ओळखला जातो.

याचे कारण पर्थमध्ये पेट्रोलच्या दराला आठवड्याची लय आहे. एका ठरावीक वारी बहुतेक पंपांचा दर लिटरमागे वीस-तीस सेंटांनी एकदम उसळतो, आणि तिथून पुढे तो रोज थोडा थोडा उतरत पुढच्या उसळीच्या आदल्या दिवशी तळाला पोचतो. माझ्या तिथल्या वास्तव्यात हा तळाचा दिवस मंगळवार राहिला आहे. मंगळवार म्हटला की ठाण्याच्या माणसाला टिटवाळ्याचा गणपती आठवतो; मला आता टिटवाळ्याबरोबर पंपावरची रांगही आठवते. हा वार कायमचा मात्र नाही. मी जाण्यापूर्वीच्या वर्षांत तो कधी बुधवार होता, कधी सोमवार, आणि सगळ्या शहराने आपली सवय त्याप्रमाणे बदलून घेतली होती.

एखाद्याला वाटेल की सिंगापूरच्या बाजारात तेल दर बुधवारी महाग होते की काय. तसे काही नाही. ऑस्ट्रेलियात पेट्रोलचा घाऊक भाव सिंगापूरच्या बाजारभावावर बेतलेला असतो हे खरे, पर्थजवळच्या क्विनाना येथला तेलशुद्धीकरण कारखाना २०२१ मध्ये बंद झाल्यापासून तर तिथे तयार इंधन बाहेरूनच येते. परंतु तो भाव महिनोन्‌महिन्यांच्या चालीने बदलतो, वाराप्रमाणे नाही. आठवड्याची ही भरती-ओहोटी सर्वस्वी किरकोळ विक्रेत्यांच्या आपसातल्या चढाओढीतून येते. शेजारच्या पंपापेक्षा एक-दोन सेंट कमी लावले की गिऱ्हाईक आपल्याकडे येते, म्हणून प्रत्येक जण खाली खाली जातो, आणि नफा अगदी पातळ झाला की कोणीतरी मोठा विक्रेता दर वर नेतो व बाकीचे त्याच्या मागे जातात. अर्थशास्त्रात या प्रकाराला एजवर्थ चक्र म्हणतात. पर्थचे सगळे दर पंधरा-वीस वर्षे सरकारदरबारी नोंदलेले असल्यामुळे अभ्यासकांना ते सोन्याच्या खाणीसारखे सापडले, आणि त्यांतल्या काहींनी असे दाखवून दिले की २०१० च्या सुमारापासून गुरुवारी उसळी आणि मग रोज साधारण दोन सेंटांचा उतार हा क्रम विक्रेत्यांनी हळूहळू, एकमेकांचे दर पाहत पाहत बसवला. ग्राहकाला सगळे दिसावे म्हणून जी खिडकी उघडली तिच्यातून विक्रेतेही एकमेकांकडे पाहत होते. तरीसुद्धा मला ती खिडकी हवी आहे, कारण चाळीस लिटरच्या टाकीवर मंगळवार आणि बुधवार यांच्यात आठ ते बारा डॉलरचा फरक पडतो, आणि तो टाळायला मला फक्त वार लक्षात ठेवावा लागतो.

हे सगळे ऐकून बाबांनी एक गोष्ट बरोबर पकडली. "सकाळी सहालाच? आपल्याकडेही सहालाच बदलतो." ते खरे आहे, आणि माझ्या ध्यानात ते कधी आले नव्हते. भारतात १६ जून २०१७ पासून पेट्रोल आणि डिझेलचे दर रोज सकाळी सहा वाजता बदलण्याची पद्धत देशभर सुरू झाली. त्यापूर्वी दर पंधरवड्याने फेरविचार होत असे आणि नवा भाव मध्यरात्री लागू होत असे. दूरदर्शनवर रात्रीच्या बातम्यांत दरवाढीची पट्टी सरकली की बाबा जेवण अर्धवट टाकून स्कूटर काढत आणि मी मागे बसून जात असे, हे मला लख्ख आठवते. पंपावर निम्मी गल्ली भेटत असे, आणि लिटरमागे वाचलेल्या दोन-तीन रुपयांपेक्षा त्या रांगेतल्या गप्पांचीच किंमत जास्त असावी.

कागदावर दर रोज बदलू शकतो, पण प्रत्यक्षात एप्रिल २०२२ पासून तेल कंपन्यांनी आपला मूळ भाव जवळजवळ दोन वर्षे हलवलाच नाही. मधल्या काळात जे बदल झाले ते करांचे होते: मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क ८ रुपयांनी उतरवले, जुलैमध्ये राज्याने ५ रुपये कमी केले. पुढे १५ मार्च २०२४ रोजी २ रुपयांची कपात झाली आणि १ जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे व नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीत पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर २६ वरून २५ टक्क्यांवर आला, ज्याने लिटरमागे पासष्ट पैसे वाचले. दरम्यान जगात कच्चे तेल पिंपामागे १२० डॉलरच्या वर जाऊन ७० च्या आसपास उतरले होते. तेल चढले तेव्हा कंपन्यांनी तोटा सोसला आणि उतरले तेव्हा तो भरून काढला. ठाण्यातला फलक मात्र १०३ रुपये आणि वर काही पैसे यावर स्थिर होता. शेजारचे काका हा आकडा पाहून मला दर वेळी विचारतात की तुमच्याकडे आपल्या पैशात केवढ्याला पडते. त्या वेळच्या विनिमय दराने पावणेदोन डॉलर म्हणजे पंचाण्णव रुपयांच्या घरात, असे मी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तिथे मजुरी किती आहे आणि त्यात किती लिटर येतात हा हिशेब मी त्यांना सांगितला नाही, कारण त्याने तो आणखी पडला असता.

दर सगळीकडे सारखाच, फार तर काही पैशांचा फरक, मग ठाण्याचा माणूस पंप निवडतो तरी कशावरून? याचे उत्तर मला शहापूरला निघालो त्या सकाळी मिळाले. नितीन कंपनीच्या चौकातून सरळ महामार्गाला लागायचे सोडून बाबांनी गाडी उलट दिशेला घेतली, वाटेत दोन पंप मागे टाकले आणि तिसऱ्यावर थांबले. तिथे पोचताच ते गाडीतून उतरले, यंत्रासमोर उभे राहिले, आणि पंपावरच्या माणसाने न विचारता म्हटले, "काका, शून्य बघा." बाबांनी शून्य पाहिले, किंमत पाहिली, नळी टाकीत जाऊन मीटर फिरू लागेपर्यंत नजर हलवली नाही, आणि भरून झाल्यावर पावती घडी करून खिशात ठेवली. पूर्वी एकदा, कुठल्याशा दुसऱ्या पंपावर, त्यांच्या गाडीच्या टाकीत मावते त्याहून जास्त पेट्रोल मीटरने दाखवले होते. तेव्हापासून तो पंप बंद आणि हा सुरू. इथे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाच लिटरचे माप मागितले होते; प्रत्येक पंपावर वैध मापन खात्याने प्रमाणित केलेले असे माप असावे लागते, ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते, आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. या माणसाने कपाळाला आठी न घालता माप आणले आणि मोजून दाखवले. त्या एका सकाळच्या जोरावर बाबा कितीतरी वर्षे इथेच येत आहेत.

ही भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती. २०१७ साली यंत्रात चिप बसवून कमी पेट्रोल देण्याचे प्रकरण उत्तर प्रदेशात उघडकीस आले आणि त्याचा माग काढत ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले. त्यानंतर आमच्या इमारतीत कितीतरी दिवस पेट्रोलखेरीज दुसरा विषय नव्हता. शंभरऐवजी एकशे दहाचे भरावे, पहाटे भरावे म्हणजे पेट्रोल थंड आणि घट्ट मिळते, असे सल्ले तेव्हा जे सुरू झाले ते अजून चालू आहेत. पहाटेच्या सल्ल्यात फारसा अर्थ नाही, कारण टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान पहाटे-दुपारी फारसे बदलत नाही. पण पहाटे ठाण्यात रस्ता मोकळा असतो, एवढा फायदा नक्की.

पर्थमध्ये दोन वर्षांत मी एकदाही शून्य पाहिलेले नाही. मापाबद्दल शंका घ्यावी हे मनातच येत नाही, सगळे लक्ष दरावर. आणि दराच्या पायी माणूस कसा वेडा होतो ते मी स्वतःवरून सांगू शकते. बाबांना मी गाडीत हिशेब करून दाखवला की चांगल्या पंपासाठी चार किलोमीटर उलटे जाणे परवडत नाही, तर त्यांनी शांतपणे विचारले, "तू किती लांब जातेस?" मला खरे सांगावे लागले. पहिल्या वर्षी मी लिटरला चार सेंट स्वस्त मिळते म्हणून घरापासून दहा किलोमीटरवरच्या पंपावर जात असे. चाळीस लिटरवर चार सेंट म्हणजे एक डॉलर साठ सेंट. जाऊन-येऊन वीस किलोमीटरला माझी गाडी दीड लिटरहून अधिक पेट्रोल पिते, म्हणजे जवळजवळ तीन डॉलर. हे कळायला मला सहा महिने लागले. आता किराणा दुकानाच्या पावतीवर लिटरमागे चार सेंटांची सूट मिळते ती वाटेवरच्या पंपावर वापरते आणि दुसरीकडे कुठे जात नाही.

ठाणेकराला दराचा विचार करायची वेळ येते ती जिल्हाच नव्हे, राज्य ओलांडताना. अहमदाबाद महामार्गाने सुरतेकडे जाणारे आमचे सगळे नातेवाईक तलासरीपर्यंत काटा कितीही खाली गेला तरी दम धरतात आणि सीमा ओलांडून गुजरातेत टाकी भरतात, कारण तिथे लिटरला, २०२४ च्या हिशेबाने, आठ-नऊ रुपये कमी पडत. तेल शुद्ध होते आपल्या दारात, मुंबईतल्या माहुलला, आणि ते आपल्याहून स्वस्त मिळते दिल्लीला, हे कोडे ज्याला सुटले त्याला पेट्रोलवरचा राज्याचा कर समजला. ऑस्ट्रेलियात हा कर केंद्राचा आणि देशभर एकच, २०२४ अखेर लिटरमागे साधारण ५० सेंट. त्यामुळे राज्याच्या सीमेवर असा दम धरायची गरज पडत नाही. मात्र पर्थ सोडून दक्षिणेला मार्गारेट रिव्हरच्या बाजूला, पावणेतीनशे किलोमीटरवर, जायचे असेल तर मंगळवारी टाकी भरूनच निघावे, कारण गावांकडे हे साप्ताहिक चक्र नसते आणि तिथला दर आपला आपल्या तोऱ्यात असतो.

शेजारच्या काकांची गाडी सीएनजीवर चालते आणि त्यांना यातल्या कशाशीच कर्तव्य नाही. ते रात्री अकरानंतर जातात, रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास बसतात आणि घरी येऊन आम्हा सर्वांना मूर्खांत काढतात.

मी परत गेल्यावर बाबांनी एक शोध लावला. पर्थचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथे दर जाहीर होतात तेव्हा ठाण्यात बरोबर बारा वाजलेले असतात, आणि बाराच्या ठोक्याला जेवणाआधी त्यांना काही काम नसते. मी त्यांना माझ्या उपनगराचे नाव संकेतस्थळावर कसे घालायचे ते सुट्टीतच दाखवून ठेवले होते. आता मंगळवारी मी कामात असताना फोन वाजतो आणि नौपाड्याहून निरोप येतो: "उद्या २४ सेंटांनी वाढतंय. घरी जाताना भरून घे." त्याच्या खाली, दर वेळी, आणखी एक ओळ असते: "शून्य बघ."