तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी लोक देव मानतात का?

कापड खरेदीच्या कामामुळे मी काही वर्षं चीनमध्ये, झेजियांग प्रांतातल्या शाओशिंग शहरात राहिले. शहराच्या कछ्याओ भागात कापडाचा अवाढव्य घाऊक बाजार आहे आणि आपल्याकडचे व्यापारी तिथे कायम दिसतात. परत आल्यावर लोक पहिल्यांदा खाण्याचं विचारतात. ते आटोपलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "चिनी लोक देव मानतात का हो?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. काहींचं म्हणणं, कम्युनिस्ट ते, त्यांना देव कुठला? काहींचं, बौद्धच ना ते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ही गोष्ट तिथे विचारून कळत नाही. आमच्या ऑफिसात हिशेब बघणारी एक मुलगी होती. तिला विचारलं तर सरळ म्हणायची, आम्ही काही मानत नाही. एप्रिल उजाडला की हीच मुलगी रजा टाकून आजी-आजोबांचं थडगं साफ करायला गावी जायची. येताना डबा भरून हिरवे गोळे आणायची. तांदळाच्या चिकट पिठात रानटी पाल्याचा रस घालून उकडलेले आणि आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरलेले असे ते गोळे असतात. तो छिंगमिंगचा सण, दरवर्षी ४-५ एप्रिलच्या सुमारास येणारा. "मग हे काय?" म्हटलं तर म्हणाली, "हे मानण्या-न मानण्याचं कुठे आहे? आजी आहे ती माझी."

माझ्या मते तिथला देवधर्म समजून घ्यायचा असेल तर देवळापासून सुरुवात करूच नये, जेवणाच्या टेबलापासून करावी. मला तो दिसला हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला. त्या भागात या दिवसाचं महत्त्व नववर्षाइतकं मानतात. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. आठ-दहा दिवस आधीपासून टीव्ही बघताना त्यांचे हात चालू असायचे. कथलाचा पातळ वर्ख चिकटवलेले कागदाचे चौकोन घ्यायचे, दोन घड्या घालायच्या, कडा आत मुडपायच्या आणि मधे फुंकर मारायची की होडीच्या आकाराची चांदीची लगड तयार. चीनमध्ये पूर्वी चांदी अशाच लगडींत चालायची. मालिकेचा एक भाग संपेपर्यंत बाजूची पिशवी भरलेली असायची. शाओशिंग एके काळी याच वर्खासाठी नावाजलेलं होतं, गावात घरोघर कथील ठोकायचे. आणि व्यवहार बघा, पूर्वी या लगडी जाळल्यावर उरलेली राख विकत घेणारे फिरायचे, कारण तिच्यातून कथील परत वितळवून काढता येई. पूर्वजांना चांदी पोचली, कथील बाजारात परत आलं!

त्या दिवशी बाईंनी मला वर राहू दिलं नाही, खाली बोलावलं. दिवाणखान्यात चौकोनी लाकडी टेबल मधोमध ओढलेलं होतं. त्याची दिशा नीट बघून घेतली होती, कारण तिथला नियम असा, की पान देवासाठी मांडलं असेल तर टेबलाच्या लाकडातल्या रेषा आडव्या आणि पूर्वजांसाठी असेल तर उभ्या हव्यात. टेबलावर मासा, डुकराचं मटण, टोफू, बांबूचे कोंब, भात. तीन बाजूंना वाट्या, चॉपस्टिक आणि छोटे पेले. चौथ्या बाजूला मेणबत्त्या आणि उदबत्त्या. खुर्च्या रिकाम्या. मी सवयीनं एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायला निघाले तर बाईंच्या मुलानं मला हळूच बाजूला घेतलं. जेवण चालू असताना खुर्ची हलवायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही. बसलेत ना ते.

मग बाईंनी हाका मारल्या, आईला, वडिलांना, सासू-सासऱ्यांना. शाओशिंगची बोली मला अर्धीच कळायची, पण "या, जेवून घ्या, गरम आहे" हे कळलं. पेल्यात तिथली तांदळाची पिवळी दारू तीनदा थोडी थोडी ओतली. मधल्या वेळेत त्या पूर्वजांना घरच्या बातम्या सांगत होत्या. नातवाला निंगबोत नोकरी लागली. मागच्या भिंतीची गळती काढली. आवाज फोनवर बोलतात तसा, कुठेही भक्तिभाव वगैरे नाही. मग वयानं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेकानं वाकून नमस्कार केला. उदबत्त्या विझत आल्या तशा बाहेर लोखंडी घमेल्यात त्या लगडी जाळल्या, जेवण परत गरम केलं आणि त्याच टेबलावर आम्ही जेवलो. सगळं मिळून तासाभराचं काम. भटजी नाही, मंत्र नाही, मूर्ती नाही.

आता "कम्युनिस्ट" म्हणणाऱ्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. पक्षाच्या सदस्यानं धर्म पाळू नये असा पक्षाचाच नियम आहे, आणि सरकारदरबारी मान्यता पाचच धर्मांना: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. घरमालकीणबाईंनी त्या दिवशी जे केलं ते यातल्या एकाही रकान्यात बसत नाही. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात देवळं फोडली गेली, पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या चुलीत गेल्या. बाई तेव्हा शाळकरी होत्या. त्यांच्या आईनं ती दहा वर्षं दार लावून नुसती भाताची वाटी ठेवली, असं त्या सांगायच्या. पुढे वारं फिरलं. २००८ पासून छिंगमिंग, ड्रॅगन नौकांचा सण आणि शरदातली पौर्णिमा यांना देशभर सुट्टी मिळू लागली. शाओशिंगमध्येच दा-यू या पूर आवरणाऱ्या पौराणिक राजाची समाधी आहे, तिथे दरवर्षी अधिकारी सुटाबुटात रांगेनं उभे राहून फुलं वाहतात. आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण हवं असेल तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेतच. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. हेबेई प्रांतात, शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे आणि छिंगमिंगला तिथेही लोक फुलं घेऊन जातात. देव न मानणारं सरकार पितरांना मात्र चुकवत नाही.

सरकारला नको असतो तो धूर. बऱ्याच शहरांत रस्त्यावर कागद जाळायला बंदी आहे, फुलं वाहा म्हणतात. तरी सातव्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेला संध्याकाळी चौकात, फुटपाथच्या कडेला लोक दिसतातच. खडूनं एक वर्तुळ काढतात, त्याला एका बाजूला फट ठेवतात म्हणजे पैसे योग्य माणसाकडे जातील, आणि आत कागद पेटवतात. कागदी नोटा तर असतातच. दुकानात कागदी बंगला, गाडी, कपडे, मोबाइलही मिळतो. एका दुकानात मोबाइलबरोबर कागदी चार्जर होता. हे बघून हसू येतं खरं, पण आपल्याकडे पितरांच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आठवणीनं वाढतातच की.

ही पौर्णिमा म्हणजे बहुतेक वर्षी आपली नारळी पौर्णिमा. इकडे मी व्हिडिओ कॉलवर भावाशी राखीचं बोलत होते, तिकडे खाली अतृप्त आत्म्यांसाठी कागद जळत होते. याच्या मागची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा विषयांतर करते. चिनी पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येच्या हिशेबानं मोजतात, महाराष्ट्रात मोजतात तसाच. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, हे तत्त्वही दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की आपण राशी ताऱ्यांवरून धरतो आणि ते अयनबिंदूंपासून, म्हणजे सूर्य उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळतो त्या जागांपासून, मोजतात. त्यामुळे अधिक महिना दोघांचा वेगवेगळ्या जागी पडतो. २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण होता, त्यांचा दुसरा महिना अधिक झाला. त्यांची शरद पौर्णिमा, मूनकेक खाण्याची, एरवी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येते, म्हणजे आपला पितृपक्ष लागतो तेव्हा. पण २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक आला आणि आपल्याकडे अधिक नव्हताच, म्हणून ६ ऑक्टोबरला त्यांचा मूनकेक आणि आपलं कोजागरीचं दूध एकाच चंद्राखाली! कालनिर्णय आणि चिनी कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. माझे कितीतरी रविवार त्यात गेलेत.

बाजारातला देव वेगळा. तो रोखठोक. नववर्षाच्या पाचव्या दिवशी संपत्तीचा देव येतो, म्हणून चौथ्या रात्रीपासून त्याच्या स्वागताची धांदल, आणि बरीच दुकानं याच मुहूर्तावर उघडतात. गल्ल्याशेजारी लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा क्वान-यू बसवलेला असतो. हा खरा सेनापती, इ.स. २२० मध्ये मारला गेलेला. शब्दाला जागणारा म्हणून व्यापाऱ्यांचा देव झाला. उधारी देणाऱ्याला असाच देव परवडतो म्हणायचं.

तिकडे जाणाऱ्यांना मी एकच ताकीद देते. लग्नाच्या आहेरात आपण ५०१, १००१ असा वरचा रुपया घालतो तसा तिथे घालू नका. लग्नाच्या लाल पाकिटात सम आकडा हवा, ६०० किंवा ८०० असा, आणि चार टाळायचा. वरचा एक सुटा, म्हणजे विषम रक्कम, बहुतेक ठिकाणी मयताला देतात, तीही पांढऱ्या पाकिटात. ऑफिसातल्या त्या मुलीनं स्वतःच्या लग्नाआधी मला हे स्वतःहून सांगून ठेवलं होतं. परदेशी लोकांचे नियम तिला माहीत नव्हते, पण धोका नको म्हणाली. काही न मानणारी मुलगी ती!

आणि उलट प्रश्नही येतात बरं का. जेवताना घरमालकीणबाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे म्हाताऱ्यांना काय वाढता?" मी पितृपक्षातलं पान सांगितलं, खीर, वडे, आमसुलाची चटणी. तिथवर त्यांना सगळं रीतसर वाटलं. मग दहाव्याच्या पिंडाचं आणि कावळ्याचं सांगितलं तशा त्या घास हातात धरून थांबल्या. तिथे कावळा ओरडणं म्हणजे अपशकुन.

"मुद्दाम बोलावता त्याला?"

"हो. तो शिवला की पोचलं."

"आणि नाही आला तर?"

"वाट बघतो. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल म्हणतात. मग घरातलं कुणीतरी मोठ्यानं सांगतं, मुलांकडे बघू, घर सांभाळू, काळजी करू नका."

"तरी नाही आला तर?"

"मग दर्भाचा कावळा करतात. गवत असतं ते. तोच पिंडाला लावतात."

बाईंचा चेहरा उजळला. "गवताचा चालतो?"

"चालतो."

"मग आधीच गवताचा करावा," त्या म्हणाल्या, "खऱ्याच्या भरवशावर कोण राहील?"