तुमच्याकडे रॉबिन घरटं कधी करतो?

काल संगीतकार पुच्चीनीचा 'मादामा बटरफ्लाय' हा ऑपेरा पाहिला, तेव्हापासून तो पक्षी डोक्यातून जात नाहीये. बरं, रडायचं तर माणसानं शेवटी रडावं. नायिका चो-चो-सान मुलाचे डोळे बांधते, जीव द्यायला वडिलांचा खंजीर उचलते, तेव्हा मुंबईच्या एनसीपीएत सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज. कुंदा तर उघड हुंदके देत होती. मी कोरडी. माझं काय ते आधीच होऊन गेलं होतं, तेही लोक हसत असताना.

तिचा अमेरिकन नवरा पिंकर्टन जाताना सांगून गेलेला असतो, रॉबिन घरटं करेल तेव्हा येईन. नागासाकीत त्याची तीन घरटी झाली, याचा पत्ता नाही. मग ती अमेरिकन कॉन्सुलला अगदी सहज विचारते, तुमच्याकडे तो इतक्यांदा करत नसेल का? तो बिचारा म्हणतो, मी पक्षिशास्त्र शिकलेलो नाही. हॉलभर हशा. मीही हसले, आणि हसता हसता घशात अडकलं ते अडकलंच.

न्यूयॉर्कच्या 'मेट'च्या, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या, या प्रयोगात मुलगा म्हणजे बाहुला आहे, जपानी बुनराकू बाहुलीनाट्यातल्यासारखा. काळ्या कपड्यातली तीन माणसं त्याला चालवतात. ती समोर दिसत असतात, तरी फसायला होतं. नुसती मान कलली की जीव आल्यासारखा वाटतो. चिन्मय असाच... असो.

पण रॉबिनच का? तिचा भाबडेपणा नाही लागला मला. हुशारी लागली. न येण्याचं कारणही तीच शोधते, त्याला तेवढासुद्धा त्रास नको! 'तिकडे रजा कुठे मिळते', 'तिकिटं केवढी महागलीत', 'बर्फ वितळला की येईल'. शेजारच्या वहिनींना मी ही उत्तरं इतक्या सफाईनं देते की चिन्मयलाही जमणार नाहीत. काल रात्री मग स्वतःची यथेच्छ कीव करून घेतली. जेवलेही नाही. ह्यांच्या फोटोकडे बघणंसुद्धा टाळलं.

कुंदा म्हणते, १९०४ साली मिलानच्या ला स्कालात पहिल्या प्रयोगाला लोकांनी याची टर उडवली होती. पुच्चीनीनं फेरफार केले आणि तीनच महिन्यांत इटलीतल्याच ब्रेशात लोकांनी तोच ऑपेरा डोक्यावर घेतला. यातून तिला मला काहीतरी सांगायचं असणार. मी विचारलं नाही.

आज टोरांटोहून फोन. मीच विषय काढला, तुमच्याकडे रॉबिन असतो का रे?

"ढीगभर! आमच्या डेकखालीच घरटं आहे. एका उन्हाळ्यात दोन-तीनदा करतात."

दोन-तीनदा! म्हणजे त्या पिंकर्टननं किती वेळा चुकवली असेल! मी इतकी हसले की चिन्मय घाबरला, बरी आहेस ना, विचारायला लागला. मग आपणहूनच म्हणाला, "दिवाळीला जमवतो गं."

"जमव. आणि वहिनींनी विचारलं तर काय सांगायचं तेही तूच कळव. मला आता कंटाळा आलाय."