गडग्यात घुसलेलं कोनफळ

माझं माहेर सोलापूरचं. कंद म्हणजे बटाटा आणि एकादशी-शिवरात्रीला रताळी, एवढंच माहीत. लग्न होऊन लांज्याला आले आणि पहिल्याच थंडीत सासूबाईंनी टोपभर उकडलेलं काहीतरी पुढ्यात ठेवलं. मातकट, केसाळ, काही बोटाएवढं, काही मुठीएवढं. "कणगी आहेत गो, सोल आणि खा." सोलल्यावर आत पांढरंशुभ्र पीठ. मिठाला लावून मी किती खाल्ल्या ते सांगत नाही.

सासूबाई गेल्यापासून परस माझ्याकडे आहे. त्यांच्या हाताला आलेलं सगळं माझ्या हाताला येत नाही, हे आधीच कबूल करते. रताळ्याचं पहिल्या वर्षी हसं झालं. हौसेनं शेणखत भरपूर ओतलं, वेल असे माजले की तुळशीपर्यंत गेले, आणि खाली करंगळीएवढी मुळं. वेल मधूनमधून उचलून परतावा लागतो, नाहीतर जिथे टेकेल तिथे मुळं धरत बसतो, हे मला नंतर कळलं. आता वाफ्यात खत बेताचं घालते आणि श्रावणात दोनदा वेल उचलते. पोटापुरती रताळी मिळतात.

सुरणाचं काम त्यामानाने सोपं. खड्डा, पालापाचोळा, शेणखत, वर कंदाचा डोळा असलेला तुकडा राखेत घोळवून. बियाणं 'गजेंद्र' जातीचं आणलं, त्याला खाज कमी. तरी चिंच किंवा आमसुलं घालतेच. सुरणाचं हे छत्रीसारखं झाड म्हणजे खरं तर एकच पान, त्याचा तो ठिपक्याठिपक्यांचा देठ मी इतकी वर्षं खोड समजत होते. एकदा एक जुना कंद काढायचा राहून गेला. पावसाच्या तोंडावर त्याला फूल आलं, जांभळट, कोबीएवढं. घरात दोन दिवस मेलेला उंदीर शोधत होतो. यांनी तर माळाही उपसला.

पण मला सांगायचंय ते कोनफळाचं, त्या जांभळ्या कंदाचं.

कोनफळ अक्षय्य तृतीयेच्या आसपास पुरतात. मी डोक्याकडचा तुकडा गडग्यापासून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपासून, दीड-दोन हातांवर लावला, का तर वेल चढायला तिथे शेवगा आयता होता. वेल सुरेख चढला. त्याची दांडी चौकोनी असते, चारही कडांना पातळ झालर, बोट फिरवलं की कळतं. शेजारीच कणगीचा वेल, गोल आणि काटेरी. गंमत म्हणजे दोघे एकमेकांच्या उलट दिशेने पीळ घेत चढतात. एकाच काठीवर चढवले तर भांडल्यासारखे दिसतात.

पौषात पानं पिवळी पडून गळली तशी मी काढायला बसले. कणगी वरवर असतात, घोसाने, खुरप्याने हलक्या हाताने माती सारली की हाताला लागतात. कोनफळ तसं नाही. हातभर खणलं, कंद दिसला, अजून खणलं, अजून खालीच. मग तो वळला. सरळ गडग्याकडे. आमचा गडगा जुना, नुसते चिरे एकावर एक रचलेले, मधे माती नाही की सिमेंट नाही. त्याच्या खालच्या फटीत कोनफळ शिरलं होतं आणि चिऱ्याच्या आकाराने चपटं होऊन पलीकडे गेलं होतं. पहार घालावी तर गडगा ढासळणार. मी मातीत पालथी पडून हात घालतेय आणि पलीकडून शेजारच्या वहिनींचा आवाज.

"काय हो, काय हरवलं?"

"कोनफळ. तुमच्याकडे आलंय."

त्या गडग्याला वळसा घालून आल्या, बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मग जेवढं आमच्याकडे आहे तेवढं आमचं."

शेवटी ते मधेच मोडलं. माझ्या हातात आलेला भाग वाण्याकडच्या काट्यावर साडेतीन किलो भरला. मोडलेल्या जागी रंग असा गर्द की हात रात्रीपर्यंत जांभळे. सोलताना बुळबुळीत होतं आणि हाताला थोडी खाज सुटते, म्हणून आधी खोबरेल चोळून घ्यायचं. काप केले, तिखट-मीठ-हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतले. एक ताटली वहिनींकडे पाठवली. त्यांचा अर्धा भाग फटीतच राहिला होता, त्यांना काही तो काढता आला नव्हता.

मी विसरूनही गेले होते. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले आणि गडग्याच्या पलीकडून चौकोनी दांडीचा एक कोंब वर आला. वहिनींनी त्याला लगेच ग्लिरिसिडियाची काठी रोवली, बुडाशी शेणाची पाटी ओतली. आता वेल त्यांच्या सोनचाफ्यावर गेलाय आणि पानं माझ्या वेलापेक्षा मोठी आहेत. मी काही बोललेले नाही. पण कंद कुठल्या बाजूला सरकतोय ते पौषात कळेल, आणि पहार आमच्याचकडे आहे.