तुम्ही विचारलंत म्हणून: प्रदर्शनातलं कपाट आपल्या सुताराकडून होतं का?

गोरेगावच्या नेस्कोतलं एसटेक किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधलं एखादं इंटिरियरचं प्रदर्शन उरकलं, की फोटो यायला लागतात. सोबत प्रश्न ठरलेला: "हे कपाट आमचा सुतार करेल का? आणि प्लाय किती लागेल?"

करेल. फक्त फोटोवरून केलं तर समोरून फोटोसारखं होईल, आणि दोन पावसाळ्यांत दारं एकमेकांना घासायला लागतील. फोटोत दिसणारा रंग आणि मुठी या सगळ्यात सोप्या गोष्टी. अवघड ते आतल्या बाजूला असतं, आणि प्रदर्शनात बघायचं ते तेच.

जाताना मोजपट्टी न्या. कपाटासमोर उभं राहून फोटो काढण्याऐवजी दार पूर्ण उघडा. बिजागऱ्या किती आहेत ते मोजा. फळीची जाडी आणि दोन दारांमधली फट बघा. ही फट साधारण ३ मिमी असते आणि वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ड्रॉवर शेवटपर्यंत ओढून पुढच्या टोकावर तळहाताने दाबा. वाकला, तर घरी कपडे भरल्यावर काय होईल ते तिथेच कळतं. जमलं तर कपाटाची मागची बाजूही बघा. स्टॉलवाल्यांना आवडत नाही, पण खरं काम मागेच दिसतं. आणि एक विसरू नका: तिथलं कपाट चार दिवस उभं असतं, रिकामं, बंद हॉलमध्ये. तुमचं ओल धरणाऱ्या भिंतीला टेकणार आहे.

फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवातल्या मांडण्या घरात करून घ्यायच्या नसतात, पण लाकूड लाकडाला कसं जोडलंय ते बघायला जरूर जा. बेंगळुरूचं इंडियावूड मुख्यतः यंत्रं आणि हार्डवेअरचं. एका कपाटासाठी तिकडे जाऊ नका.

आता प्लाय. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल असं चार दारांचं कपाट धरू. मध्ये एक उभी फळी, पाच कप्पे. क्षेत्रफळाने हिशेब केला तर दोन बाजू आणि मधली फळी ४२ चौरस फूट, वरची-खालची २४, कप्पे ३० आणि दारं ४२. एकूण १३८. प्लायचा ताव ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस फुटांचा. भागाकार ४.३ येतो, म्हणून "पाच तावांत होईल" असं सांगितलं जातं. होत नाही, सहा लागतात. दोन फूट खोलीच्या पट्ट्या तावातून दोनच निघतात, प्रत्येकी ८ फूट लांब. ७ फुटी फळ्यांना तीन पट्ट्या, ६ फुटींना दोन, आणि पट्टीमागे दोन कप्पे धरून पाच कप्प्यांना तीन. झाल्या आठ पट्ट्या, म्हणजे चार ताव. दारं १८ इंची. ४८ इंचांत दोन बसतात आणि १२ इंचांची पट्टी उरते. चार दारांना आणखी दोन ताव. उरलेल्या पट्ट्या ड्रॉवरच्या पेटीला कामी येतात, त्या भंगारात जाऊ देऊ नका. पाठीला ६ मिमीचे दोन ताव वेगळे.

ही मांडणी कागदावर काढून मगच माल आणा. तेव्हाच लक्षात येईल की करवतीच्या पात्यात ३ मिमी जातात, त्यामुळे ४८ इंचांतून पुरत्या २४ इंचांच्या दोन फळ्या निघत नाहीत. कपाटाची खोली पावणेचोवीस किंवा साडेतेवीस इंच धरा. नाहीतर पुरत्या दोन फुटांच्या हव्यासापायी सुतार मागे जोडपट्टी मारतो.

प्लाय घेताना "वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका. शिक्का वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ७१० हा मरीन प्लाय, त्याचा चिकटवा ७२ तास उकळण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. आयएस ३०३ च्या शिक्क्याखाली एमआर लिहिलं असेल, तर तो दमट हवा सोसतो, पाणी नाही. सिंकखाली आणि बाथरूमलगतच्या भिंतीला ७१०, कोरड्या खोलीत ३०३ चालतो. सगळं घर मरीनमध्ये करणं म्हणजे पैसे उधळणं. शिक्क्याशेजारी सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मानक संस्थेच्या ॲपवर टाकून बघता येतो. तावाची कड डोळ्यांजवळ धरा: थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर आत पोकळी आहे, तिथे स्क्रू धरणार नाही. जाडीही मोजा. १८ मिमीच्या नावाखाली साडेसोळाचा मालही विकला जातो.

दार वाकण्याचं कारण बहुतेक वेळा प्लाय नसतं. बाहेरून १ मिमीचं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग, असं केलं की दोन्ही बाजू दमटपणा सारख्या घेत नाहीत आणि सात फुटी दार धनुष्यासारखं होतं. आतूनही लॅमिनेट लावा, ०.८ चं चालेल. चिकटवल्यावर रात्रभर सगळीकडून सारख्या वजनाखाली ठेवा. चार खिळे मारून तासाभरात दार उभं करणारा सुतार घाईत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

बिजागऱ्यांत सर्रास चूक होते. अशा एका दाराचं वजन लॅमिनेटसकट १४ किलोच्या आसपास भरतं. त्याला चार हव्यात, आरसा लावणार असाल तर पाच. म्हणजे चार दारांना सोळा, पण सोळाही एकाच जातीच्या नव्हेत. टोकाची दोन दारं कपाटाच्या बाजूच्या फळीवर पूर्ण चढतात, त्यांना सरळ दांडीच्या, म्हणजे 'झिरो क्रँक'. मधली दोन्ही दारं एकाच फळीचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेतात, त्यांना वाकलेल्या दांडीच्या, म्हणजे '८ क्रँक'. झिरोचे आठ नग, ८ क्रँकचेही आठ. सगळ्या झिरो आणल्या, तर मधली दारं एकमेकांवर आपटतात आणि मग सुतार दाराची कड तासत बसतो.

ड्रॉवरचं गणित याहून काटेकोर आहे. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती धातूची पट्टी) दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे २६ मिमी जागा लागते. ड्रॉवर बसतो तो खण आतून ४५० मिमी असेल तर ड्रॉवरची पेटी बाहेरून ४२४. पेटी दोन मिमी मोठी झाली तर अडकते. तीन मिमी लहान झाली तर चॅनल तिरका चालतो आणि काही महिन्यांत त्यातल्या बेअरिंगच्या गोळ्या सुटतात. म्हणून चॅनल हातात आल्याशिवाय पेटी कापू देऊ नका. लॅमिनेटची जाडीही या २६ मध्ये खाते, हे खण मोजताना आठवण करून द्यावी लागते.

मजुरीचा दर समोरच्या क्षेत्रफळावर ठरतो. आपल्या कपाटाचे ४२ चौरस फूट. वर दोन फुटांचा माळा आला की ५४. ड्रॉवर, आतलं लॅमिनेट, आरसा आणि उघडी राहिलेली बाजू यांची मोजणी आत की वेगळी, हे आधीच लिहून घ्या. भांडणं दरावरून फार होत नाहीत, ती या चार ओळींवरून होतात.

भिंत ओल धरत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. मग कपाट भिंतीपासून इंचभर पुढे आणि जमिनीवर थेट न टेकवता पीव्हीसी पायांवर किंवा ग्रॅनाइटच्या पट्टीवर. पाठीच्या ६ मिमी प्लायला भिंतीकडच्या बाजूने प्रायमर लावलाच पाहिजे. एकदा कपाट उभं राहिलं की तिथे हात पोचत नाही.

सागवानी पट्ट्या लावणार असाल तर लाकूड पुण्याच्या भवानी पेठेतून आणा नाहीतर थेट बल्लारशाहहून, वाळलेलं आहे ना एवढं बघा. आणि पॉलिश पावसाळ्यात करू नका. दमट हवेत मेलामाइन पॉलिशवर पांढुरकी झाक येते आणि मग घासून पुन्हा मारण्यावाचून गत नसते. सुतारकाम जुलैत उरकलं तरी चालेल, पॉलिशवाल्याला ऑक्टोबर सरता सरता बोलवा.